करार छापलात, आता तिसऱ्या वर्षीही या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठे आणि संशोधन संस्था मिळून आघाडी स्थापन करत असल्याची बातमी आपल्या दैनिकात पहिल्या पानावर वाचली. छायाचित्रही चांगले मोठे आहे. नऊ माणसे, नऊ फायली, सगळ्यांची नजर कॅमेऱ्याकडे. माझी नजर मात्र सवयीने मागे गेली. डाव्या कोपऱ्यात अर्धी कापली गेलेली एक बाई दिसते, तिच्या हातात तीन-चार पेने आहेत. कुठल्या प्रतीवर कुणाची सही राहिली, हे बघणारी ती. अकरा वर्षे मी तिच्या जागेवर होते, म्हणून हे पत्र.

दोन विद्यापीठे आणि दोन संशोधन संस्था यांच्या अशाच एका आघाडीत मी समन्वय सहायक होते. नावे मुद्दाम लिहीत नाही. त्यातली बरीच माणसे अजून कामावर आहेत आणि भली आहेत. समन्वय कक्ष म्हणजे एक टेबल, एक संगणक, एक कपाट आणि मी. बैठकांचे इतिवृत्त लिहायचे, नमुन्यांच्या नोंदी ठेवायच्या, चार ठिकाणच्या आकड्यांचे एक कोष्टक करायचे आणि ज्यांनी आकडे पाठवले नाहीत त्यांना न रागावता तिसऱ्यांदा फोन करायचा. शास्त्रज्ञ मी नाही. पण शास्त्रज्ञ एकमेकांशी कसे बोलतात आणि कधी बोलायचे थांबतात, हे माझ्याइतके त्यांच्यापैकीही फार जणांनी पाहिले नसेल.

‘आघाडी’ हा शब्द वाचला की आपल्याला जागावाटप आठवते. इथेही ते असतेच. आमचे पहिले तीन आठवडे पत्रशीर्षावर बोधचिन्हे कुठल्या क्रमाने छापायची यात गेले. कुणीतरी तोडगा काढला, अकारविल्हे लावा. सगळ्यांनी मान डोलावली. मग लक्षात आले की मराठी नावांनी लावले तर एक संस्था पहिली येते आणि इंग्रजी नावांनी लावले तर दुसरीच. शेवटी मराठी कागदावर एक क्रम आणि इंग्रजी कागदावर दुसरा ठरला. कपाटात दोन्ही प्रकारचे गठ्ठे अकरा वर्षे पडून होते आणि चुकीचा कागद वापरला म्हणून मला दोनदा खुलासा द्यावा लागला.

आता खऱ्या कामाचे सांगते.

आमचा विषय माती. निरनिराळ्या पिकांखालच्या जमिनीत सेंद्रिय कार्बन किती मुरतो आणि किती टिकतो, हे चारही संस्थांच्या नमुन्यांवरून पाहायचे होते. पहिल्या वर्षाचे आकडे आले, तेव्हा एका ठिकाणच्या जमिनीत कार्बन इतरांच्या मानाने जवळपास पावपट कमी निघाला. सगळे खूश झाले. इतका ठळक फरक म्हणजे काहीतरी सापडले! पाऊसमानावर चर्चा झाली, पीकपद्धतीवर झाली, नांगरटीच्या खोलीवर झाली. एका परिषदेसाठी सारांशही लिहून तयार झाला. असे आठ महिने गेले. मग एका प्रयोगशाळेतल्या सहायकाने, त्याचे पद माझ्याहीपेक्षा खालचे, स्वतःच्या मनाने एकाच बाटलीतली माती दोन पुड्यांत बांधून दोन संस्थांना पाठवली. माती तीच, आकडे दोन. त्याने मला फोन केला आणि एवढेच विचारले, “बाई, ते लोक तिकडे एक पूर्णांक तीनने गुणतात का, जरा विचारता?”

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मातीतला सेंद्रिय कार्बन मोजायची एक जुनी पद्धत आहे, वॉकली आणि ब्लॅक यांची, १९३४ सालची. मातीत पोटॅशियम डायक्रोमेटचे द्रावण आणि वर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालतात. आम्ल मिसळताना जी उष्णता निघते तिच्यावरच कार्बनचे ऑक्सिडीकरण होते. पण सगळ्या कार्बनचे होत नाही, सरासरी तीन-चतुर्थांशाहून थोड्या जास्त भागाचे होते. म्हणून आलेल्या आकड्याला साधारण १.३ ने गुणून पूर्ण कार्बन काढतात. आमच्यातल्या दोन प्रयोगशाळा गुणत होत्या. एक गुणत नव्हती. चौथीकडे तर ही पद्धतच नव्हती. ते माती भट्टीत जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजत होते, आणि चुनखडीची माती आधी आम्लाने धुतली नाही तर चुन्यातला कार्बनही त्यात धरला जातो, ही आणखी एक भानगड. चारही प्रयोगशाळा आपापल्या जागी बरोबर होत्या. त्यांचे आकडे एका कोष्टकात मी बसवले, तिथे ते चुकले.

सारांश मागे घेतला. कुणी कुणावर ओरडले नाही, हे त्या माणसांचे मोठेपण. त्यानंतर एका जागची माती वाळवून, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढून, नीट घोळून तिच्या बरण्या भरल्या आणि चौघांना वाटल्या. दर वीस नमुन्यांमागे त्या बरणीतला एक नमुना मोजायचा. तो आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर सगळी वीस परत. सोबत चार पानांचे एक कार्यपद्धतीचे टिपण मी टंकलिखित केले. तारीख कशी लिहायची हेसुद्धा त्यात होते, कारण ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च यावरून आमचा एक अख्खा हंगाम घोटाळ्यात गेला होता.

हे वाचून कुणाला हसू आले तर मंगळाकडे पाठवलेल्या यानाची गोष्ट आठवावी. २३ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाशी पोचता पोचता नष्ट झाले. एका संघाच्या संगणकप्रणालीतून जोराचे आकडे पौंडांच्या मापात निघत होते आणि दुसरा संघ ते न्यूटनच्या मापातले समजून मार्ग आखत होता. तिथे केवढी मोठी माणसे बसलेली! आमचा तर मातीचा प्रश्न होता.

म्हणून माझे म्हणणे असे, की आघाडी किती खरी आहे हे करारावरच्या सह्यांवरून ओळखता येत नाही. ते परिशिष्टातून कळते. परिशिष्ट आहे का, ते कुणी लिहिले, आणि त्यात नावडत्या गोष्टी आधीच लिहून ठेवल्या आहेत का, हे पाहावे.

जगात ज्या आघाड्यांनी काही करून दाखवले त्यांचे वाचन मी निवृत्तीनंतर हौसेने केले. प्रत्येकीत असा एखादा कडू नियम सापडतो. मानवी जनुकांचा आराखडा काढण्याचा प्रकल्प १९९० ते २००३ चालला. सहा देशांतली वीस केंद्रे त्यात होती. १९९६ साली बर्म्युडा बेटावर त्यांची बैठक झाली आणि ठरले, की डीएनएचा ठरावीक लांबीचा क्रम जुळला की तो चोवीस तासांच्या आत जगाला खुला करायचा. चोवीस तास! आपला आकडा स्वतःच्या नावावर छापून येईपर्यंत तो टेबलाच्या खणात ठेवायची संशोधकाची सवय मी जवळून पाहिली आहे. ती सवय मोडायला लावणारा तो नियम कागदावर उतरवताना त्या खोलीत काय काय झाले असेल, याची कल्पना मला करता येते. आमच्याकडे सहा महिन्यांची मुदत होती, तरी ती कुणी पाळली नाही.

कृष्णविवराचे पहिले छायाचित्र १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झाले, ते बहुतेकांनी पाहिले असेल. त्यासाठी एप्रिल २०१७ मध्ये आठ दुर्बिणींनी निरीक्षणे घेतली होती. माहिती इतकी प्रचंड, की ती तारेने पाठवणे शक्य नव्हते. डिस्कांच्या पेट्या विमानाने दोन ठिकाणी नेल्या, एक अमेरिकेतली वेधशाळा आणि दुसरी जर्मनीतल्या बॉन शहरातली संस्था. दक्षिण ध्रुवावरच्या पेट्या तर तिथला हिवाळा संपून विमाने सुरू होईपर्यंत महिनोन्‌महिने अडकल्या. तोवर बाकी सगळे थांबले. मला त्यातली याहून आवडलेली गोष्ट पुढची आहे. माहितीवरून चित्र बनवायला त्यांनी चार गट केले आणि चौघांना सांगितले, की एकमेकांशी या कामाबद्दल एक अवाक्षर बोलायचे नाही. प्रत्येकाने आपले चित्र स्वतंत्रपणे काढायचे. काही आठवड्यांनी चारही चित्रे शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा चारहीत तेच प्रकाशाचे कडे दिसले. एकत्र काम करण्यासाठी जमलेल्या माणसांनी ठरवून अबोला धरायचा, हे सुचायला आणि पाळायला एकमेकांवर फार विश्वास लागतो.

गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगोच्या मंडळींनी तर स्वतःलाच फसवायची सोय करून ठेवली होती. मोजक्या दोन-चार जणांनी उपकरणात गुपचूप खोटा संकेत घुसवायचा आणि बाकी शेकडो जणांनी तो खरा असू शकतो असे धरून तपासायचा. सप्टेंबर २०१० मध्ये असा एक संकेत आला. सहा महिने सर्वांनी राबून तपासणी केली, शोधनिबंध लिहून तयार झाला आणि मार्च २०११ मध्ये सभेत पाकीट उघडले, तर संकेत खोटा. कुणी राजीनामा दिला नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी खरा संकेत आला, तेव्हा आधी हाच प्रश्न निघाला की हाही कुणी घुसवलेला तर नाही? नाही म्हटल्यावरही ते गप्प राहून तपासत राहिले आणि जाहीर केले पुढच्या वर्षी ११ फेब्रुवारीला.

मात्र ज्या आघाडीची गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली, ती यशस्वी झालेली नाही.

एप्रिल १८८७ मध्ये पॅरिस वेधशाळेचे संचालक अमेदे मुशे यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या देशांचे खगोलशास्त्रज्ञ जमले आणि ठरले, की संपूर्ण आकाशाचे छायाचित्र काढायचे. वीसेक वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले. दुर्बिणीही एकाच मापाच्या ठरवल्या, अशा की छायाचित्राच्या काचेवरचा एक मिलिमीटर म्हणजे आकाशातली बरोबर एक कला, अंशाचा साठावा भाग. म्हणजे गुणायचे की नाही, हा आमचा प्रश्न त्यांनी तिथेच मिटवला. दोन कामे होती. एक ताऱ्यांची सूची, दुसरे अधिक खोल नकाशा. दहा-पंधरा वर्षांत उरकेल असा अंदाज होता. पुढे काही वेधशाळांनी अंग काढून घेतले, त्यांचे पट्टे दुसऱ्यांनी उचलले, मध्ये महायुद्ध आले, तंत्र जुने झाले. सूची विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कशीबशी पुरी झाली. नकाशा कधीच झाला नाही. यात गुंतलेल्या वेधशाळांची कित्येक वर्षे त्यातच गेली, त्यामुळे त्या नव्या संशोधनात मागे पडल्या, असेही पुष्कळांनी म्हटले आहे. आजच्या भाषेत, प्रकल्प फसला.

पण काचा मोजणारी माणसे मला त्यात भेटली. बऱ्याच वेधशाळांत हे काम बायका करत. व्हॅटिकनच्या वाट्याला आलेल्या पट्ट्यातले ४,८१,२१५ तारे चार जोगिणींनी मोजले, १९१० ते १९२१ या काळात. एकजण सूक्ष्मदर्शकातून स्थान वाचून मोठ्याने सांगणार, दुसरी लिहून घेणार. त्यांची नावे जगाला कळली २०१६ साली, म्हणजे जवळपास शंभर वर्षांनी. एमिलिया पोन्झोनी, रेजिना कोलोंबो, कोन्चेत्ता फिनार्दी, लुइजिया पांचेरी. संपादक महोदय, पत्र लांबले म्हणून काटछाट कराल तेव्हा ही चार नावे ठेवा.

पुढे १९८९ मध्ये युरोपने हिप्पार्कस हा उपग्रह सोडला. त्याने ताऱ्यांची स्थाने फार बारकाईने मोजली. पण तारा सरकतो किती, हे कळायला जुने स्थान हवे. जितके जुने तितके चांगले. तेव्हा त्या फसलेल्या प्रकल्पाची सूची बाहेर काढली. २००० साली जी टायको-२ नावाची पंचवीस लाख ताऱ्यांची सूची निघाली, तिच्यातल्या ताऱ्यांच्या गती ज्या जुन्या नोंदींवरून काढल्या, त्यांत या काचांच्या नोंदी होत्या.

श्रेयाबद्दलही थोडे लिहिते, कारण आघाड्या बहुधा त्यावरूनच मोडतात. २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर युरोपातल्या सर्न या प्रयोगशाळेच्या दोन प्रयोगगटांनी मिळून एक शोधनिबंध छापला. त्याला ५,१५४ लेखक होते. तेहतीस पानांपैकी मजकूर नऊ पानांत संपला, उरलेल्या चोवीस पानांत लेखकांची आणि संस्थांची नावे. यावर तेव्हा पुष्कळ विनोद झाले. मला त्यात विनोदी काही वाटत नाही. आमच्या निबंधाला लेखक अकराच होते आणि क्रम लागायला पाच महिने लागले. ज्या मुलीने चार ठिकाणी उन्हात फिरून निम्म्याहून अधिक नमुने गोळा केले, ती पीएच.डी.ची विद्यार्थिनी आठव्या क्रमांकावर होती. मातीच्या दोन पुड्या पाठवणाऱ्या सहायकाचे नाव शेवटच्या आभारातही नव्हते. मी इतिवृत्तात त्याचे नाव लिहिले होते. ते पुढच्या बैठकीत ‘तांत्रिक सूचना प्राप्त झाली’ असे दुरुस्त करण्यात आले. दुरुस्ती टंकित मीच केली.

आमची आघाडी मोडली नाही. ती विरली. निधीची मुदत संपली, तेव्हा चारही संस्थांच्या प्रमुखांनी एकमेकांना मनापासून सांगितले की काम चालू ठेवायचे. वैज्ञानिकांच्या जागा आपापल्या संस्थांत कायम होत्या. समन्वयाची जागा मात्र चौघांपैकी कुणाच्याच आस्थापनेवर नव्हती, ती प्रकल्पातली होती. ती संपली. ‘ई-मेलवर चालू ठेवू,’ असे ठरले. मी वर्षभर घरून, बिनपगारी, अधूनमधून पत्रे लिहीत राहिले. पहिल्या महिन्यात चार उत्तरे आली, चौथ्या महिन्यात एक. पुढची बैठक झालीच नाही. कुणाचे भांडण झाले नव्हते, त्यामुळे समेट घडवायलाही काही जागा नव्हती. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. अकरा वर्षे पगार मिळाला आणि काम आवडीचे मिळाले. पण नव्या आघाडीच्या बातमीत ‘समन्वयासाठी समिती नेमण्यात येईल’ हे वाक्य वाचले आणि पेन हातात घेतले. समिती वर्षातून दोनदा भेटते. तिसऱ्यांदा फोन करायला एक माणूस लागते, पूर्ण वेळ, आणि त्याचा पगार कुठून निघणार हे करारातच लिहिलेले लागते.

सगळ्याच कामाला आघाडी लागते असेही मला वाटत नाही. एका खोलीत दोघांनी करायचे काम वीस संस्थांत वाटले की ते फक्त बैठकींपुरते उरते. क्रमवारीत वर जाण्यासाठी, नावापुढे मोठ्या संस्थेचे नाव लागावे म्हणून केलेले करारही मी पाहिले. त्यांच्या फायली फार स्वच्छ असतात, कारण पहिल्या दिवसानंतर त्या कुणी उघडतच नाही.

आता आपल्याकडे विनंती. आपल्या वार्ताहराने ही बातमी चांगली लिहिली आहे, पण ती पहिल्या दिवसाची आहे. आजच्या तारखेवर खूण करून तीन वर्षांनी त्याला पुन्हा पाठवा. सह्या करणाऱ्यांना भेटायची गरज नाही. ते सांगतील ते आपल्याकडे आजच छापून झाले आहे. मागच्या रांगेतल्या त्या बाईला भेटा. तिची जागा अजून आहे का, हे पहिल्यांदा विचारा. सगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एका पद्धतीने येतात का, दुसऱ्या संस्थेची माहिती मागितली तर किती दिवसांत मिळते, शेवटची चूक कुणी पकडली आणि त्याचे नाव कुठे छापले, हे विचारा. एखादा सारांश मागे घेतला होता का, हेही विचारा. हो म्हणाली तर घाबरू नका, ती आघाडी जिवंत आहे असे समजा. आणि जे निघेल ते याच पहिल्या पानावर छापा, छायाचित्र नसले तरी चालेल.

गेल्या महिन्यात त्या आठव्या क्रमांकाच्या मुलीचा फोन आला होता. आता ती स्वतः शिकवते आणि तिचे विद्यार्थी मातीवर काम करतात. “बाई, ते चार पानांचे टिपण तुमच्याकडे आहे का? तिन्ही ठिकाणी सारखे मोजायचे आहे.” होते. मी पानांचे फोटो काढून पाठवले. दुसऱ्या पानावर १.३ या आकड्याखाली मी तेव्हा लाल शाईने दोन रेघा मारल्या होत्या. तिने उलट विचारले की पहिल्या फोटोत पान हलले आहे, परत पाठवाल का. परत पाठवले.

आपली एक नियमित वाचक,
निवृत्त समन्वय सहायक